पद्मिनीचा कार्ब्युरेटर आणि चोक

प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर सोलेक्स जातीचा, एका नळीचा, हवा वरून खाली ओढणारा कार्ब्युरेटर असतो. हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणे हे त्याचे काम. पण पहाटे थंड इंजिन सुरू करताना, सिग्नलला उभे असताना, घाट चढताना आणि एकदम वेग घेताना मिश्रणाचे प्रमाण वेगवेगळे लागते. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मदतीशिवाय, केवळ हवेच्या दाबातला फरक आणि पितळी जेटमधली बारीक छिद्रे यांच्या जोरावर हे साधले जाते.

वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून तयार होऊ लागली आणि पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेरीस सेवेतून गेली. हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या मात्र आजही चालतात, आणि त्यांच्यासाठी कार्ब्युरेटर लावता येणारा हात फार मोलाचा आहे.

नदी अरुंद घळीत शिरली की तिचा वेग वाढतो, तसा कार्ब्युरेटरच्या नळीतला निमुळता भाग हवेचा वेग वाढवतो. वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटवाटे वर ओढले जाते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. चेंबरमधली पेट्रोलची पातळी फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह राखतात. पातळी चढली तर गाडी पेट्रोल पिते, उतरली तर चढावर अडखळते. सोलेक्समध्ये ही पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वायसरच्या जाडीने कमीजास्त करतात. सोलेक्सच्या नावातला ३२ हा आकडा थ्रॉटलच्या नळीचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो, तर जेटवरचा आकडा छिद्राचे माप दाखवतो.

गाडी नीट चालेना की पहिला स्क्रूड्रायव्हर कार्ब्युरेटरला लागतो. ही सवय घातक आहे. कार्ब्युरेटरच्या माथी मारलेले कितीतरी दोष प्लग, पॉइंट, टायमिंग किंवा टॅपेटमध्ये निघतात. म्हणून आधी ते सगळे पाहून घ्यावे, एअर फिल्टर साफ करावा, मग कार्ब्युरेटरखालचे गॅसकेट आणि थ्रॉटलचा दांडा तपासावा. झिजलेल्या दांड्याच्या बाजूने चोरटी हवा आत जात असेल, तर कोणत्याही स्क्रूने स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा मंद वेग, स्थिर होत नाही. तिथे दांडा किंवा त्याची बुशे बदलणे हाच उपाय.

स्लो लावायचा तो इंजिन पूर्ण तापल्यावर, चोक पूर्ण आत ढकलून आणि एअर फिल्टर जागेवर ठेवून. दोन स्क्रू हाताळायचे असतात. एक थ्रॉटल किती उघडा राहील हे ठरवतो, दुसरा स्लोच्या मिश्रणाचा. इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा आणि सुमारे दीड फेरा बाहेर काढावा. तो जोर लावून आवळला तर त्याच्या निमुळत्या टोकाला खाच पडते आणि नंतर तो कधीच बारीक लागत नाही. इंजिन सुरू करून स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत न्यावा. इंजिन थरथरू लागले की उलटा फिरवत जावे, जिथे ते सर्वांत वेगाने आणि एकसारखे चालते तिथे थांबावे. वेग वाढला असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने उतरवावा, आणि पुन्हा मिश्रण पाहावे. दोनतीनदा असे केले की आवाज सम होतो. या सोलेक्समध्ये स्क्रू बाहेर काढला की मिश्रण दाट होते. ज्या कार्ब्युरेटरांत स्क्रू हवेच्या वाटेवर असतो तिथे हे उलट असते. या स्क्रूचा अंमल स्लोपुरताच आहे. रस्त्यावरच्या वेगात मेन जेटचे राज्य चालते.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरेचसे मॅनिफोल्डच्या गार भिंतींवर थेंब होऊन बसते. ती तूट भरून काढायला चोक. काही कार्ब्युरेटरांत वरची झडप हवा अडवते, तर सोलेक्सच्या जुन्या नमुन्यांत दाट मिश्रणाची वेगळी छोटी वाट उघडते. ती वाट थ्रॉटल मिटलेला असतानाच जोराने ओढते, म्हणून अशा गाडीत चोक ओढून सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबू नये. चोकची केबल लावताना बटण पूर्ण आत असता तिच्यात किंचित ढिलाई हवी. ताठ केबलने चोक थोडा ओढलेलाच राहतो, प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते. मुंबईच्या हवेत चोक अगदी थोडा वेळ पुरतो, नाशिकच्या हिवाळ्यात जरा जास्त. इंजिन सुरळीत झाले की तो टप्प्याटप्प्याने आत ढकलावा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्याच जेटवर मिश्रण विरळ पडते; वेगात गाडी ओढेनाशी झाली, प्लग पांढरट दिसले, तर मेन जेट एक माप मोठा घालून पाहावा. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात, कारण जुने रबर फुगते आणि चिरते. शेवटी लांब फेरीनंतर प्लग काढून पाहावेत: फिकट तपकिरी रंग आला तर काम बरोबर झाले.