हरभऱ्याची आंब

मंडळी, पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चाललात तर पायाला ओलसर, आंबट काहीतरी लागतं. तीच आंब. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. यातल्या ऑक्झॅलिकमुळे घाटेअळीची वाढ खुंटते.

मला मात्र टोमॅटोची चाल जास्त आवडते. किड्याने एक पान कुरतडलं की न खाल्लेल्या पानांतसुद्धा प्रोटीएज इनहिबिटर तयार होऊ लागतात, हे ग्रीन आणि रायन यांनी १९७२ साली दाखवलं. खाल्लेली प्रथिनं किड्याला नीट पचतच नाहीत! (आपल्या मेसची आठवण झाली ना?)

पण घाटेअळी भलती वस्ताद. इनहिबिटर आला की ती पचनाची एन्झाइमंच बदलते. म्हणून तर पुण्याच्या एनसीएलमध्ये मिरची, चौधारी घेवडा अशा दुसऱ्याच पिकांतले इनहिबिटर तिच्यावर तपासले गेले.