वाळलेल्या वनस्पती आणि नकाशावरील कोऱ्या जागा

पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम येथे जाड कागदावर चिकटवलेले वनस्पतींचे वाळवलेले नमुने कपाटांतून जतन करण्यात आले आहेत. प्रत्येक कागदावर एक चिठ्ठी असते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ती सापडल्याचे ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव तीवर लिहिलेले असते. ही चिठ्ठी हरवली, तर नमुन्याचे बहुतेक मोल संपते.

या नमुन्यांची छायाचित्रे व चिठ्ठ्यांवरील मजकूर आता संगणकावर आणला जात आहे. केंद्र सरकारच्या ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’चे उद्‌घाटन २०२२ मध्ये झाले. लंडनमधील क्यू येथील उद्यानातही भारतातून गेलेले हजारो जुने नमुने आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी पूर्वी सागरापार जावे लागे.

चिठ्ठीवरील ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढले की नोंद नकाशावर मांडता येते. ‘शिवनेरी किल्ला’ असे लिहिलेले असल्यास काम सोपे. नुसते ‘कोकण’ असेल, तर गावपातळीवर त्याचा उपयोग नाही. पुढे पाऊस, तापमान व उंची यांची सांगड घालून ती वनस्पती आणखी कोठे असू शकेल, याचा अंदाज बांधला जातो.

तो अंदाजच होय. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्रापुरती मर्यादित असलेली दुर्मीळ वनस्पती घ्या. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेल यांना ती जुन्नर परिसरात आढळली. ती कड्याच्या कपारीत वाढते आणि उन्हाळ्यात तिची पाने गळून जातात. हवामानाचे आकडे बहुधा चौरस किलोमीटरच्या सरासरीने मिळतात; त्या सरासरीत कपार दिसत नाही. म्हणून योग्य ऋतूत कड्यापाशी जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

याहून मोठा धोका कोऱ्या जागांचा आहे. संग्राहक साहजिकच रस्त्यालगत, घाटात, थंड हवेच्या ठिकाणी अधिक फिरले. त्यामुळे एखाद्या गावाच्या नावावर एकही नोंद नसली, तर तेथे काही नाही असे ठरत नाही. बहुधा कोणी पाहिलेले नसते. खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव तपासताना ‘दुर्मीळ प्रजातीची नोंद नाही’ हे वाक्य याच दृष्टीने वाचले पाहिजे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या स्थानिक व्यवस्थापन समित्यांची लोक जैवविविधता नोंदवही ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. मात्र नोंदीत वाडी-शिवाराचे नाव, तारीख, पाहणाऱ्याचे नाव व छायाचित्र हवे; स्थानिक नावेही लिहावीत, कारण एकच नाव दोन तालुक्यांत निरनिराळ्या झाडांना असते. शाळेतील शिक्षक हे काम पावसाळ्यात विद्यार्थ्यांकडून, झाड न उपटता, करून घेऊ शकतात. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा मात्र जाहीर करू नये. चोरीच्या भीतीने संग्रहालयेही अशा नोंदींचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ करून प्रसिद्ध करतात.