न वाजवलेला गंधार

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी धातूच्या लहान लहान पेट्या मांडलेल्या दिसतात. त्यांना पेडल म्हणतात. गिटारची वायर एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून अ‍ॅम्पकडे जाते, आणि मधला खटका पायाने दाबला की सुराचा स्वभावच बदलतो. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' नावाचे असे एक गोल पेडल काढले. जिमी हेंड्रिक्सचा तो जळता, लांबत जाणारा आवाज या पेटीशी कायमचा जोडला गेला. तिच्या सर्किटमध्ये भाग किती? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि आवाज नि त्याचा फाटकेपणा कमीजास्त करायच्या दोन खुंट्या. सारे मिळून ११. एवढ्याशा ऐवजातून तो आवाज निघतो, यावर माझा अजूनही पटकन विश्वास बसत नाही.

आत घडते ते असे. तारेचा कंप विजेच्या लाटेच्या रूपात पेटीत येतो आणि ट्रान्झिस्टर त्या लाटेला फुगवू लागतात. पण बॅटरी ९ व्होल्टची. त्यापलीकडे लाट उंच जाणार कुठे? ती छताला टेकते आणि तिचा माथा सपाट होतो. सपाट माथ्याच्या लाटेत मग एकच सूर राहत नाही. वरचा आणि खालचा माथा सारखाच कापला गेला, तर मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर तिच्यात उमटतात. सा छेडला असेल तर तिप्पट कंपनांचा सूर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तानपुरा नीट जुळला की कोणीही न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच! मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढून जे स्वर तारेतून खुलवतात, त्याच जातीचे स्वर नऊ व्होल्टची पेटी लाटेचा माथा कापून जन्माला घालते. सा आणि पंचम एकदम वाजवले तर आणखी नवल: त्यांच्या कंपनांच्या फरकातून खालच्या सप्तकातला षड्ज तयार होतो. रॉक संगीतवाले हीच जोडी पुन्हा पुन्हा का वाजवतात, याचे एक कारण इथे आहे.

या साऱ्याची सुरुवात एका बिघाडातून झाली. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटका, घरघरता आला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणे गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी नंतर तो बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम घडवून दाखवला, आणि १९६२ साली तो 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आला.

म्हणजे पेडलचा आवाज मुळात सुट्या भागांच्या उणिवांमध्ये राहतो, आणि ते बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे दैवही तिथेच बांधलेले असते. सुरुवातीच्या फझ फेसमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. जर्मेनियम उष्णतेला फार हळवे. उन्हात मंच तापला की आवाज बदलतो. शिवाय एकाच कारखान्यातले, एकाच नंबरचे दोन नगसुद्धा सारखे वागत नाहीत. चांगली जोडी हवी तर ढिगातला एकेक नग मोजायचा, कानाने पारखायचा, बाकीचे बाजूला टाकायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचे जग सिलिकॉनकडे वळले आणि हा माल जुन्या साठ्यांतून शोधायची वेळ आली. साठा संपला की ते पेडल संपले.

'डिले' पेडलची कथा मला याहून विलक्षण वाटते. १९६९ साली फिलिप्स कंपनीत सांगस्टर आणि टेर या दोघांनी एक युक्ती काढली. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विजेचा भार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकवायचा. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत सुराला उशीर होतो, आणि तोच प्रतिध्वनी. जपानच्या मात्सुशिताच्या एमएन३००५ या चिपमध्ये अशा ४०९६ पायऱ्या होत्या. त्यातून सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा उशीर मिळे. वाटेत सूर थोडा थोडा झिजतो. कड मऊ होते, धुके चढते. वादकांना नेमके तेच हवेसे वाटले. मग डिजिटल तंत्र आले, मात्सुशिताने चिप थांबवली, आणि तिच्यावर बेतलेली पेडले करणाऱ्यांना उरलेले नग चढ्या भावाने घ्यावे लागले. बाजारात बनावट मालही शिरला. पुढे इतर कंपन्यांनी ती चिप पुन्हा घडवली, पण मधल्या काळात तग धरायला मोठी गंगाजळी लागते, आणि ती दोन-चार माणसांच्या कारखान्याकडे कुठून असणार?

भाग मिळाले तरी नकलेचा प्रश्न उरतो. सर्किटच्या मांडणीला कॉपीराइटचे संरक्षण जवळजवळ मिळत नाही, आणि जुन्या मांडणीत केलेल्या बारीक फेरफाराला पेटंट मिळणे अवघड. बोस्टनकडचे बिल फिनेगन यांनी १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' हे पेडल मुख्यतः स्वतःच्या हाताने केले. कोणी उलगडू नये म्हणून ते आतल्या सर्किटवर काळे इपॉक्सी ओतत. सुमारे ८,००० नग झाल्यावर २००९ च्या सुमारास त्यांनी ते थांबवले. तोवर लोकांनी इपॉक्सी खरवडून सर्किट कागदावर उतरवले होते. आज जुने सेंटॉर हजारो डॉलरला विकले जाते. त्यातला एक सेंटही कारागिराकडे जात नाही; सारा नफा एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. मला हे अन्यायाचे वाटते.

अलीकडे जगाचे धक्केही थेट या छोट्या टेबलांपर्यंत पोचले. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएम या चिप-कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपांचा जगभर तुटवडा झाला. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली. भारतासह अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडे जाणारी पार्सले काही काळ रोखली. युरोपात एकट्याने पेट्या बनवून अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला एकेक पाठवणाऱ्यासाठी हा थेट पोटावर पाय.

मात्र पडझड नवी नाही. न्यूयॉर्कची इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही पेडल-कंपनी १९८० च्या दशकात दोनदा दिवाळखोरीत गेली आणि पुन्हा उभी राहिली. रोचेस्टरला कीथ बार आणि टेरी शेरवूड या दोन मित्रांनी दुरुस्तीच्या कामातून एमएक्सआर ही कंपनी काढली. तिचे नारिंगी 'फेज ९०' जगभर गेले, तरी १९८४ मध्ये तिला कुलूप लागले. पुढे तिचे नाव डनलॉपने विकत घेतले. बार मात्र थांबले नाहीत. त्यांनी अलेसिस ही कंपनी काढली, आणि नंतर स्पिन सेमीकंडक्टरमधून एफव्ही-१ नावाची चिप घडवली. मोठ्या सभागृहातला घुमारा तिने एका नखाएवढ्या तुकड्यात आणला, आणि एरवी ज्यांना हे तंत्र परवडले नसते अशा कितीतरी एकट्यादुकट्या कारागिरांनी आपली पेडले तिच्यावर उभी केली.

बार २०१० मध्ये गेले. त्यांच्या त्या चिपमध्ये काही ध्वनिप्रभाव आधीच भरून ठेवलेले असतात. ज्या कारागिराचे दुकान कधीच उठले, त्याच्या एखाद्या जुन्या पेटीचा खटका आज कोणी दाबला, तरी तो घुमारा लागलीच सुरू होतो.