करखात्याचं समन्स आलं तर

सोलापुरात चादरी होतात, टॉवेल होतात, विड्या वळल्या जातात. माल गावोगाव जातो आणि मालाबरोबर बिलं जातात. १ जुलै २०१७ पासून या बिलांवर जीएसटी नावाचा कर आहे. कर थकला तर व्याज लागतं, दंड लागतो. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण काही गोष्टी दंडावर भागत नाहीत. माल न देता नुसतंच बिल फाडणे, त्या खोट्या बिलावर कराची वजावट घेणे, गिऱ्हाइकाकडून कर घेऊन तो सरकारात न भरणे, हे गुन्हे आहेत. रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जामीनही हक्काने मिळत नाही, तो न्यायाधीशाकडे मागावा लागतो.

तुम्ही म्हणाल, "पाच कोटी? आमच्या घरात पाच हजार नाहीत. आम्हाला काय त्याचं?"

आहे, ऐका. कोणी कर्ज मिळवून देतो म्हणून, कोणी नोकरी लावतो म्हणून आधार आणि पॅन कार्डाच्या नकला घेऊन जातो. त्या कागदांवर पेढी नोंदवली जाते. ना दुकान, ना माल. मोठमोठी बिलं फाडून खरा मालक पसार होतो आणि समन्स येतं ते ज्याचं नाव त्याच्या दारी. देशात असे प्रकार इतके झाले की २०२३ साली १६ मे ते १५ जुलै अशी दोन महिने खोट्या नोंदण्या शोधण्याची मोहीम सरकारला काढावी लागली.

समजा, विडी वळणाऱ्या एका मावशीला असं समन्स आलं. शेजारचा शिकलेला मुलगा तिला ते वाचून दाखवतो.

"माझी कसली पेढी रे बाळा? चुलीत घालू का हा कागद?"

"नको मावशी. बोलावलंय तर जावं लागतं. न गेल्याने तुमच्यावरच संशय येईल."

"मग जाते आणि खरं काय ते सांगते."

"सांगा. पण आधी वकिलाला भेटा."

मुलाचं बरोबर आहे. जीएसटीच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब लिहून घेतात आणि तो पुढे कोर्टात येऊ शकतो. तिथे खोटं बोलणं हाही गुन्हा आहे. वकील आधी कागद खरा की बनावट ते पाहील. केंद्राच्या खात्याच्या समन्सवर नोव्हेंबर २०१९ पासून ओळख-क्रमांक असतो, तो पडताळता येतो. मावशीच्या पॅनवर कुठे कुठे नोंदणी आहे, तेही जीएसटीच्या पोर्टलवर दिसतं. मग कार्डं कोणाला दिली, कधी दिली, हे लिहून पोलिसांत आणि करखात्यात तक्रार द्यायची. पोच घ्यायला विसरू नका.

कारखानदार मंडळी बहुधा आपल्या हिशेब पाहणाऱ्या सल्लागाराकडेच धावतात. तो हिशेब चांगला जाणतो, पण फौजदारी कोर्टात उभा राहतो तो वकील. शिवाय आपण वकिलाला विश्वासाने सांगितलेलं त्याला बाहेर सांगता येत नाही. कायदाच तसा आहे. हिशेबनिसाला तसं संरक्षण नाही. म्हणून दोघेही लागतात, पण आधी वकील.

चौकशीच्या वेळी वकिलाला शेजारी बसवण्याचा हक्क मिळत नाही. मात्र कोर्टाकडे मागितलं तर वकिलाला नजरेच्या टप्प्यात, पण बोलणं ऐकू येणार नाही असं बसू देण्याचे हुकूम झालेले आहेत. जबाब पुरा वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, अंगठाही नाही.

अटक झालीच, तर कारण सांगावं लागतं, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं आणि वकिलाला भेटू द्यावं लागतं. हे आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात आहे. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जीएसटीच्या अटकांबद्दल मोठा निकाल दिला. अटकेची भीती घालून कर भरायला लावणं बेकायदा आहे, आणि अटकेची भीती वाटली तर गुन्हा नोंदण्याआधीही अटकपूर्व जामीन मागता येतो, असं त्यात सांगितलं.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" मावशी विचारते.

१९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. सोलापुरातही ते आहे. जिल्हा न्यायालयात जाऊन विचारा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार आणि कोठडीत असलेले, यांना मिळकत न पाहता फुकट वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तिथलेच लोक लिहून घेतात.

खालच्या कोर्टात काम झालं नाही तर पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कामकाज कोल्हापुरातही चालतं, आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो.