गुणगुणता येणारा सोलो : सिंगापूरच्या गिटारवाल्यांचा शोध

रॉकमधल्या आवडत्या गिटार सोलोंची यादी करायला बसलं की काही नावं आपोआप वर येतात. ‘स्टेअरवे टू हेवन’मधला जिमी पेज, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’तली डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांची जोडी, ‘कम्फर्टेबली नंब’मधला डेव्हिड गिलमोर, ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मधला मार्क नॉप्फलर. या नावांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. या चारही ठिकाणी गिटार किती वेगानं वाजली हे कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही, पण सोलो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडानं म्हणता येतो. सोलो गुणगुणता आला पाहिजे, ही माझी कसोटी. तिला उतरलेलं बरंचसं काम ज्या बेटावर झालं, ते सिंगापूर या याद्यांमध्ये सहसा दिसत नाही. म्हणून हा लेख.

नोव्हेंबर १९६१मध्ये क्लिफ रिचर्ड आणि त्याचे साथीदार ‘द शॅडोज’ सिंगापुरात आले. कार्यक्रम झाला हॅपी वर्ल्ड या मनोरंजन उद्यानातल्या स्टेडियममध्ये. लोक आले होते क्लिफला पाहायला; पण शाळकरी पोरं घरी गेली ती शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन डोक्यात घेऊन. आदल्या वर्षी, १९६०मध्ये, शॅडोजचं ‘अपाची’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. जेरी लॉर्डननं बांधलेल्या या चिजेत एकही शब्द नाही. गायकाची जागा गिटारनंच घेतली आहे.

हँकचा आवाज नेमका कसा बनत होता, ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्याकडे लाल रंगाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. १९५९मध्ये क्लिफनं ती अमेरिकेहून मागवली होती. तिच्या घोडीला जोडलेली दांडी हलकेच दाबली की तारांचा ताण कमी-जास्त होतो आणि लांबवलेला सूर थरथरतो. गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये प्रतिध्वनीचं यंत्र. चुंबकीय पट्टीवर सूर टिपला जातो आणि पुढच्या हेडवरून क्षणभरानं पुन्हा उमटतो. त्यामुळे दोन सुरांमधली मोकळी जागा रिकामी वाटत नाही आणि वाजवणाऱ्याला घाई करावी लागत नाही. सावकाश, सुटा, स्वच्छ सूर वाजवण्याची ही शिस्त सिंगापूरच्या पोरांनी तिथूनच उचलली. गायकाशिवाय श्रोत्याला धरून ठेवायचं, तर चाल पक्की हवी, हेही त्यांना तिथंच उमगलं. त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या जोसेफ परेरा यांनी आपल्या पुस्तकाचं नावच ‘अपाची ओव्हर सिंगापूर’ असं ठेवलं.

या पोरांतला सर्वांत गाजलेला बँड म्हणजे ‘द क्वेस्ट्स’. क्वीन्सटाउन सेकंडरी टेक्निकल स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हा बँड. शाळेच्या नियतकालिकाचं नाव ‘क्वेस्ट’, तेच त्यांनी घेतलं. जॅप चोंग आणि रेमंड लिओंग गिटारवर, हेन्री चुआ बासवर, लिम वी गुआन ड्रम्सवर. पुढे रेमंडच्या जागी रेजी वर्गीस आला आणि क्वेस्ट्सची लीड गिटार म्हटलं की रेजीचंच नाव घेतलं जाऊ लागलं. १९६४मध्ये त्यांनी ईएमआयसाठी ‘शँटी’ ध्वनिमुद्रित केलं. रचना हेन्री चुआची आणि अर्थातच शब्दांविना. या तबकडीनं सिंगापूरच्या लोकप्रियता यादीत बीटल्सच्या ‘आय शुड हॅव नोन बेटर’ला पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. बीटल्सचं वेड ऐन भरात असताना क्वीन्सटाउनच्या पोरांची एक निःशब्द चाल गावभर वाजत होती! स्थानिक बँडला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

‘शँटी’ आज ऐकताना तिचा साधेपणा आधी जाणवतो. एक लहानशी, खलाशांच्या गाण्यासारखी डौलदार चाल. कुठं भरजरीपणा नाही. पहिल्या ऐकण्यात ती तोंडात बसते, आणि माझ्या कसोटीवर ती नामांकित सोलोंच्या पंगतीत बसते.

रेजी वर्गीसचं खरं कर्तृत्व मात्र मला दुसऱ्यांच्या गाण्यांत अधिक दिसतं. साकुरा टेंग आणि रिटा चाओ या दोघी तेव्हा ‘ए-गो-गो’च्या राण्या म्हणून ओळखल्या जात. त्यांच्या कितीतरी मँडरिन गाण्यांना साथ क्वेस्ट्सची आहे. पंचेचाळीसच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. त्यातून मुखडा, कडवी, पुन्हा मुखडा वजा केला की गिटारच्या वाट्याला पंधरा-वीस सेकंद उरतात. तेवढ्यात सुरुवात करायची, एक वळण घ्यायचं आणि गायिकेच्या हाती गाणं अलगद परत द्यायचं. हिंदी चित्रपटगीतांमधल्या वाद्यमेळाच्या तुकड्यांवर वाढलेल्या आपल्या कानांना हे कसब लगेच ओळखीचं वाटतं. ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आठवून पाहा, काही सेकंदांचीच, पण तिच्याशिवाय ते गाणं उभं राहत नाही.

मलय वस्त्यांमध्ये याच सुमाराला वेगळी घडण चालली होती. एम. उस्मान यांच्या १९६४च्या ‘सुझाना’पासून ‘पॉप ये-ये’ची लाट उसळली असं मानतात. लीड, ऱ्हिदम, बास आणि ड्रम्स अशा चौघांच्या बँडला मलयमध्ये ‘कुगिरान’ म्हणत. कासिम सलामत आणि ‘द स्वॅलोज’ यांनी तर जावाजवळच्या बावेआन बेटाच्या बोलीत गाणी केली. या ध्वनिमुद्रिकांमधली लीड गिटार मला फार आवडते, कारण तिच्यात दोन घराणी एकत्र नांदतात. आवाज शॅडोजचा, ओला आणि घुमणारा. पण सुराला दिलेला हेलकावा, त्याच्याभोवतीच्या बारीक हरकती मलय गायकीतल्या. नुसती नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही.

एवढे बँड जगत कशावर होते? चांगी, सेलेतार, तेंगा इथल्या ब्रिटिश लष्करी तळांवरच्या क्लबांमध्ये सैनिकांना रोज संगीत लागे आणि पैसे वेळेवर मिळत. रविवारी दुपारी हॉटेलांत ‘टी डान्स’ होत. ऑर्चर्ड हॉटेलातलं ‘गोल्डन व्हीनस’ त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. नाचणाऱ्यांसमोर तासन् तास वाजवण्याचा हा रियाज होता. पाय थांबले की बँडचं चुकलं, इतका रोकडा न्याय.

१९७१च्या अखेरीपर्यंत ब्रिटिश सैन्य बहुतांशी निघून गेलं आणि उत्पन्नाचा मोठा आधार गेला. १९६५मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाचं सरकार तरुणांमधली अमली पदार्थांची सवय आणि हिप्पी राहणी यांनी धास्तावलं होतं. टी डान्स बंद झाले. लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल, अशी भित्तिपत्रकं सरकारी कार्यालयांत लागली. केस भुवयांना टेकले, कान झाकले किंवा शर्टाच्या कॉलरखाली उतरले की ते लांब, अशी चित्रासकट व्याख्याच होती.

फेब्रुवारी १९७२मध्ये लेड झेपलिनचा सिंगापूरचा कार्यक्रम ठरला होता. केसांपायी त्यांना विमानातून उतरू दिलं नाही आणि कार्यक्रम रद्द झाला. ‘स्टेअरवे’ असलेला अल्बम येऊन तेव्हा तीन-चार महिनेच झाले होते. त्याच वर्षी या बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ नव्यानं ध्वनिमुद्रित केली, आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये मोजक्या लोकांसमोर वाजवलंही. ती मुंबईची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.

सिंगापूरकरांना जो सोलो प्रत्यक्ष ऐकता आला नाही, त्याची बांधणी आपल्या परिभाषेत पाहू. ‘स्टेअरवे’मधला सोलो मुख्यतः पाच सुरांवर उभा आहे. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद : हे तर आपल्या धानीचे सूर. जगभरचा रॉक आणि ब्लूज गिटारवादक याच पाचांत वावरतो. पेजची खुबी अशी, की साथीचे कॉर्ड खाली उतरत तिसऱ्यावर येतात, तिथं तो धानीत नसलेल्या कोमल धैवतावर जाऊन थांबतो. त्या एका सुरानं सगळा सोलो उदास होतो. तो त्यानं १९५९च्या टेलिकास्टरवर वाजवला; ती गिटार त्याला जेफ बेकनं दिलेली.

सत्तरचं दशक सिंगापूरच्या बँडांना कठीण गेलं, तरी गिटार थांबली नाही. १९६९मध्ये सुरू झालेल्या ‘स्वीट चॅरिटी’चा पहिला अल्बम यायला १९७९ साल लागलं. गायक रामली सारिप, गिटारवर रोस्ली मोहालिम. त्यांनी जड, विद्युत् रॉक मलय भाषेत आणला आणि सीमेपलीकडे मलेशियातही त्याचा मोठा चाहतावर्ग तयार झाला. इंडोनेशियाच्या एबिएत जी. आदे यांचं ‘कामेलिया’ त्यांनी रॉकमध्ये घेतलं. त्यात गाण्याचा हळवेपणा गिटारच्या भरडपणाखाली कुठंही दबत नाही. एके काळी केसांवरून ज्या पिढीला अडवलं, तिच्यातल्याच रामली सारिप यांच्या खरखरीत आवाजातलं, संथ लयीतलं राष्ट्रगीत २०१९मध्ये प्रसिद्ध झालं.

आजचं चित्र विखुरलेलं आहे. ‘वर्मरॉट’ हा ग्राइंडकोअर बँड २०१७मध्ये ग्लास्टनबरीला वाजवणारा पहिला सिंगापुरी बँड ठरला. रशीद जुराइमीची गिटार तिथं करवतीसारखी चालते. अनेक गाणी मिनिटभरही टिकत नाहीत, त्यात सोलोला जागा कुठली? मला त्यांची शिस्त मान्य आहे, ओढ मात्र वाटत नाही. कोलमन स्ट्रीटवरच्या पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमधली गिटारची दुकानं अजून ओळखीची आहेत. १९४६मध्ये सुरू झालेलं ‘स्वी ली’ हे वाद्यांचं दुकान आज ज्या सिंगापुरी समूहाकडे आहे, त्याच समूहानं २०१८मध्ये ‘गिटार डॉट कॉम’ विकत घेतलं. म्हणजे जगाला सर्वोत्तम सोलोंच्या याद्या पुरवणाऱ्या प्रकाशनांपैकी एकाची मालकी या बेटावर आहे. त्या याद्यांत रेजी वर्गीसचं नाव घालायला आता कुणाची परवानगी मागायची गरज उरलेली नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो बँड म्हणजे ‘रुद्र’. १९९२मध्ये सुरू झालेला हा बँड स्वतःच्या संगीताला ‘वैदिक मेटल’ म्हणतो. गायक आणि बासवादक कथिर. ‘कुरुक्षेत्र’ हा अल्बम २००३मध्ये आला. त्यानंतर २००५, २००९ आणि २०११मध्ये ‘ब्रह्मविद्या’ची तीन पर्वं. उपनिषदांमधला विचार, मधूनच संस्कृत मंत्रांचं पठण आणि खालच्या पट्टीत लावलेल्या, घनदाट गिटारी. यात सोलो येतो तेव्हा तो पाठांतराच्या लयीला धरून येतो, म्हणून वेगवान असूनही मनात राहतो.

ऐकायला बसाल तर ‘शँटी’पासून सुरुवात करा, मग रिटा चाओची क्वेस्ट्सबरोबरची गाणी, मग ‘सुझाना’. ‘कामेलिया’ एबिएत यांच्या मूळ गाण्यानंतर लगेच लावा. रोस्लीच्या गिटारनं काय भर घातली ते तेव्हाच नीट कळतं. ‘ब्रह्मविद्या’ सर्वांत शेवटी, आणि पुरेशा मोठ्या आवाजात.