ई-चलान आलंय? आधी फोटो बघा

मेसेज आला की लगेच पैसे भरू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. तारीख, ठिकाण, कलम आणि बहुतेक वेळा फोटोही दिसतो. तो फोटो मोठा करून नंबरप्लेट नीट वाचा. गाडी आपली नसेल तर ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार करता येते, आणि ती जरूर करावी!

चलान न्यायालयात गेलं असेल तर ‘व्हर्च्युअल कोर्ट’च्या साइटवर महाराष्ट्राचा वाहतूक विभाग निवडा. मोबाईल, चलान किंवा गाडीच्या नंबरवरून प्रकरण सापडतं. तिथे दोन वाटा आहेत. दंड मान्य करून ऑनलाइन भरला की प्रकरण निकाली निघतं. आव्हान दिलं तर ते नेहमीच्या न्यायालयाकडे जातं, मग तारखेला हजर राहावं लागतं. पुरावा पक्का असेल तर माझं मत दुसऱ्या वाटेचं. भरलेल्या दंडाची पावती जपून ठेवा.

जुनी गाडी घेताय? व्यवहाराआधी तिची थकीत चलानं तपासाच.

आणि व्हॉट्सॲपवर ‘चलान’ म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका, ती फसवणूक असते. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं.