दंतोपचारातील ॲलर्जी : कारण जाणावे, भय टाळावे

भगवान बुद्धांनी दुःख सांगितले, त्याचे कारण सांगितले आणि निरोधाचा मार्गही दाखविला. वैद्यकाची रीतही हीच आहे. तरीही ‘मला दातांच्या औषधाची ॲलर्जी आहे’ असे म्हणून वर्षानुवर्षे दातदुखी सोसणारी माणसे आपल्या वस्त्यांत भेटतात. अनेकदा त्यामागचे कारण निराळेच असते. आणि ज्यांना ॲलर्जी खरोखर असते, ते डॉक्टरांना ती सांगावयाचे विसरतात.

एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीराच्या संरक्षणयंत्रणेने शत्रू मानणे, ही ॲलर्जी होय. तिचा एक प्रकार तत्काळ होणारा. हातमोज्यांतील लॅटेक्स, क्लोरहेक्झिडिनची गुळणी किंवा पेनिसिलिन गटातील औषध यांमुळे काही मिनिटांत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. हे क्वचित घडते, परंतु जिवावर बेतू शकते. अशा वेळी मांडीच्या स्नायूत त्वरित दिलेले ॲड्रेनलिन हाच पहिला उपाय.

दुसरा प्रकार विलंबाने, बहुधा दोन-तीन दिवसांनी प्रकटतो. त्यात निकेल प्रमुख आहे. दात सरळ करण्याच्या निकेल-टायटॅनियम तारेत वजनाने निम्म्याहून अधिक निकेल असते. दातांवरील काही धातूच्या टोप्यांतही ते असते. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांनी हे आधीच सांगावे. कवळीच्या ॲक्रिलिकमध्ये शिल्लक राहिलेले रसायन, लवंगतेलातील युजेनॉल आणि ‘चांदी’ भरतात त्यातील पारा हेही काहींना बाधतात.

मात्र प्रत्येक त्रास ॲलर्जी नसतो. भुलीच्या इंजेक्शननंतर छाती धडधडते ती बहुधा त्यातील ॲड्रेनलिनमुळे, तर घेरी येते ती भीतीमुळे किंवा उपाशीपोटी गेल्यामुळे. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत विरळा. कवळीखालची लालीही पुष्कळदा रात्री कवळी न काढल्याने वाढलेल्या बुरशीची असते. तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्याच्या तोंडातील पांढरा चट्टा तर ॲलर्जी समजून कधीही दुर्लक्षू नये. तो कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो.

निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावतात, ४८ तासांनी काढतात व पुढे एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासतात. कारण कळले की पर्याय मिळतो : लॅटेक्सऐवजी नायट्रिलचे हातमोजे, निकेलयुक्त टोपीऐवजी झिर्कोनियाची टोपी.

खासगी उपचार परवडत नसतील तर मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय, आणि अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय लोकलने गाठता येते.

पालकांना एक विनंती. पाल्याला वसतिगृहात ठेवताना कोणत्या औषधाने वा पदार्थाने, केव्हा, काय त्रास झाला होता, हे प्रवेश-अर्जासोबत लिहून द्यावे. दूर राहणाऱ्या लेकराचे दुखणे रात्री-अपरात्री उद्भवते, तेव्हा आई-वडील जवळ नसतात. त्यांनी लिहिलेल्या त्या दोन ओळीच डॉक्टरांच्या हाती असतात.